माया

अहवाल अकरा पानांचा.
वर माझं नाव, पप्पांचं नाव, वय पंधरा वर्षं अकरा महिने,
चुनाभट्टीचा पत्ता. त्यात खोली नंबर चुकलेला.
खोली नंबर चुकू शकतो
तर बाकीचं?

आईने तो मशीनच्या खणात ठेवलाय,
बॉबिन, हुकांची पाकिटं आणि गिऱ्हाइकांच्या मापांची वही यांच्याखाली.
दुपारी ती काजं करायला टाकून यायला गेली
की मी काढून वाचते.

“नजरेला नजर देणे : कमी.”
मॅडम, तुमच्या मागे घड्याळ होतं
आणि ते सात मिनिटं पुढे होतं.

त्या म्हणाल्या, दात कसे घासतात करून दाखव,
समज, मला माहीतच नाही.
मी म्हटलं, तुम्हाला माहीत आहे.
त्यांनी काहीतरी लिहिलं.
नाझनीनला सांगितलं तर ती खूप हसली,
म्हणाली, मी पण हेच बोलले असते.
नसती बोलली.
ती सरळ बोटाने दात घासून मोकळी झाली असती.

आईला विचारलं, लहानपणी वस्तू रांगेत लावायची का?
हो, बटणं. आधी रंगाने, मग भोकांनी,
दोनवाली इकडे, चारवाली तिकडे.
पण आई, डबा तूच द्यायचीस ना पुढ्यात?
लाव गं जरा, मला पडू दे घटकाभर, म्हणायचीस.
ते नाही सांगितलंस.

मीही एक नाही सांगितलं.
जायच्या आधी तीन आठवडे
मी सगळं वाचून काढलं होतं.
प्रश्न यायच्या आधीच मला उत्तराचा वास यायचा.
मग त्या खुर्चीत कोण होतं?
बोटं हलत होती
ती नेहमी हलतात तशी, की त्या दिवशी हलवली?
आठवत नाही.
आठवायला हवं होतं, मला सगळ्यांचे फोन नंबर पाठ आहेत.

तरी समोरच्या बिल्डिंगमधली हळद आठवते,
डीजेने आमच्या मांडणीतले पेले वाजत होते
आणि मी मोरीत, डोक्यावर बादली उपडी घालून.
बादलीच्या आत माझाच श्वास, निळा.
तेव्हा मी नऊ वर्षांची होते.
काहीसुद्धा वाचलेलं नव्हतं.

मी मॅडमना विचारलं, अशांना मैत्रिणी असतात?
असतात की.
नसतात?
नसतातही.
म्हणजे मैत्रीण असली तरी बसतं, नसली तरी बसतं.
असं कापड घरी येतं आमच्या, ताणलं की ताणणारं.
आई म्हणते, ते सगळ्यांना होतं
आणि कुणालाच नीट बसत नाही.

आई स्वतः शिवते तेव्हा
बाजूच्या शिवणीत दोन बोटं कापड आत सोडते.
बाई अंगाने सुटली तर उसवायला,
वाळली तर आणखी एक टीप मारायला.
त्या सोडलेल्या कापडाला माया म्हणतात.
बाहेरून दिसत नाही. इस्त्री करताना तेवढी हाताला जाड लागते.

काल मी विचारलं, आई, मला हे बसतंय का?
तिच्या तोंडात टाचण्या होत्या.
ती “हं” म्हणाली.
हो-चं हं की काय विचारतेस-चं हं,
मला कळलं नाही.
(हेही पान सातवर आहे. मुद्दा चौथा.)
मग तिने एकेक टाचणी काढून उशीत खोचली,
सगळ्या, अकरा होत्या,
आणि म्हणाली, घालून बघ थोडे दिवस.
टोचलं तर सांग.

बोर्डाचा अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचाय.
पेपरला तासामागे वीस मिनिटं जास्त मिळतात.
वीस मिनिटं मला हवीत.
शब्द हवाय की नाही, अजून ठरलं नाही.

आज दुपारी मी अहवाल काढला,
पेन्सिलने खोली नंबर नीट केला.
बाकी काही खोडलं नाही.
वहीखाली परत ठेवला,
होता तसा, जरा तिरका.